पाँपेई पाहावयास जाण्यापूर्वीं

प्राचीन अवशेष पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाच्या हातून बहुधा एकच चूक होते. तो गांवाचें नांव ठरवितो, आगगाडीचें वेळापत्रक काढतो, उतरण्याची सोय करतो. परंतु तेथें गेल्यावर काय पाहावयाचें, कोणत्या क्रमानें पाहावयाचें आणि कशासाठीं पाहावयाचें, याचा विचार मात्र तो तेथील वाटाड्यावर सोंपवून मोकळा होतो. परिणाम असा होतो कीं, दिवसभर उन्हांत पायपीट करून सायंकाळीं त्याच्या पदरीं चार पडक्या भिंती, दोन मोडके खांब आणि दुखरे पाय एवढेंच पडतें. इतर स्थळांच्या बाबतींत ही हानि फारशी मोठी नसते. परंतु इटलींतील पाँपेई हें शहर पाहतांना अशी बेफिकिरी झाली, तर ती केवळ पैशाची आणि वेळेची हानि राहत नाहीं. एके काळीं नांदत्या असलेल्या हजारों माणसांच्या वस्तीकडे निव्वळ प्रेतांचें प्रदर्शन म्हणून पाहिल्याचा दोष तिच्यांत येतो. म्हणून पाँपेईची यात्रा अर्धी घरीं बसूनच करावी लागते.

पाँपेई हें कांहीं रोमसारखें राजनगर नव्हतें. नेपल्सच्या आखाताजवळ, व्हेसूव्हियस पर्वताच्या पायथ्याशीं, सार्नो नदीच्या मुखानजीक वसलेलें तें एक मध्यम प्रतीचें व्यापारी गांव होतें. आसपासच्या उतारांवर द्राक्षांचे मळे होते, समुद्र हाकेच्या अंतरावर होता, आणि वस्ती दहा-बारा हजारांच्या आसपास असावी असा विद्वानांचा अंदाज आहे. इ. स. ६२ च्या सुमारास तेथें मोठा भूकंप झाला व देवळें, स्नानगृहें, घरें यांची पडझड झाली. तिची डागडुजी अद्याप चालूच होती, तोंच ७९ सालीं व्हेसूव्हियसचा स्फोट झाला. प्रथम कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. त्याच्या भारानें छपरें कोसळलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तापलेली राख आणि वायु यांचे लोट डोंगरावरून वेगानें खालीं आले, आणि जे मागें राहिले होते त्यांचा अंत झाला. चार ते सहा मीटर, म्हणजे दोन-तीन पुरुष खोलीचा थर शहरावर बसला. पुढें त्यावर शेतें झालीं. तेथील कुळंबी मात्र त्या उंचवट्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘चिव्हिता’ म्हणजे ‘शहर’ असेंच म्हणत आले. लोकांच्या तोंडीं राहिलेल्या या एका शब्दांत सोळाशें वर्षांची आठवण टिकून होती. ती विद्वानांच्या कानीं फार उशिरां पडली. १७४८ सालीं बूर्बों घराण्याच्या चार्ल्स राजाच्या आज्ञेनें तेथें खणण्यास आरंभ झाला, आणि १७६३ सालीं एक शिलालेख सांपडला तेव्हां कोठें हें गांव पाँपेईच होय अशी खात्री पटली.

घरीं करावयाच्या तयारींत पहिली गोष्ट म्हणजे दोन पत्रें वाचणें. धाकट्या प्लिनीनें इतिहासकार टॅसिटस यास लिहिलेलीं हीं पत्रें होत. स्फोटाच्या वेळीं प्लिनी सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या दुसऱ्या टोकास, मिसेनम येथें, आपल्या मामाकडे राहत होता. हा मामा म्हणजे थोरला प्लिनी. रोमन आरमाराचा तेथील अधिपति आणि निसर्गाच्या इतिहासावरील सदतीस भागांच्या प्रचंड ग्रंथाचा कर्ता. पर्वतावर उठलेला विलक्षण ढग पाहून मामानें तो जवळून पाहण्याकरितां नौका सज्ज करण्यास सांगितलें व भाच्यास बरोबर येण्याविषयीं विचारलें. भाच्यानें उत्तर दिलें कीं, आपला अभ्यास राहिला आहे. अभ्यास पुढें ढकलणारीं मुलें जगांत पुष्कळ असतात. अभ्यासाच्या निमित्तानें प्राण वांचलेला हा एक विरळा विद्यार्थी होय. मामा निघणार, इतक्यांत किनाऱ्यावरील एका बाईचा मदतीसाठीं धांवा आला, आणि कुतूहलानें निघालेली ती सफर परोपकाराची झाली. तो स्टाबिई येथें उतरला, भ्यालेल्यांस धीर दिला, आणि दुसऱ्या दिवशीं तेथल्याच किनाऱ्यावर त्याचा श्वास कोंडून अंत झाला. ढगाचा आकार छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइन वृक्षाशीं ताडून पाहणारें भाच्याचें तें वर्णन इतकें काटेकोर आहे कीं, अशा जातीच्या स्फोटास आजचे भूगर्भशास्त्रज्ञ प्लिनीचेंच नांव देतात. हें वर्णन मनांत घेऊन जो पाँपेईच्या रस्त्यांतून चालेल, त्यास उत्तरेकडील तो निळसर डोंगर केवळ देखाव्याचा भाग वाटणार नाहीं.

या पत्रांच्या निमित्तानें एका वादाचीही माहिती करून घ्यावी. हस्तलिखितांच्या आधारें स्फोटाची तारीख फार दिवस २४ ऑगस्ट मानली जाई. परंतु अवशेषांत शरद ऋतूंतील फळें मिळालीं, लोकांच्या अंगावर जाड वस्त्रांच्या खुणा दिसल्या, आणि २०१८ सालीं एका घराच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेली १७ ऑक्टोबरशीं जुळणारी तारीख आढळली. कोळशाचें लिखाण फार काळ टिकत नाहीं. तेव्हां तें त्याच वर्षाचें असावें, आणि स्फोट ऑक्टोबराच्या अखेरीस झाला असावा, असें आतां पुष्कळांस वाटतें. वाद सर्वस्वीं मिटलेला नाहीं. ग्रंथांत छापलेली गोष्टही एखाद्या मजुरानें भिंतीवर ओढलेल्या एका रेघेनें डळमळूं शकते, हा धडा त्यांतून प्रवाशास मिळतो.

दुसरी तयारी नकाशाची. तटबंदीच्या आंतील शहराचें क्षेत्र सुमारें ६६ हेक्टर, म्हणजे १६० एकरांहून थोडें अधिक आहे. त्यापैकीं जवळजवळ दोनतृतीयांश भाग उकरण्यांत आला आहे. उरलेला पुढील पिढ्यांसाठीं मातीखालीं बहुतांशीं तसाच राखून ठेवला आहे. एवढ्या विस्तारांत वाट चुकूं नये म्हणून ज्युझेप्पे फिओरेल्ली या संशोधकाची पद्धति समजून घ्यावी. १८६० पासून पाँपेईच्या उत्खननाची सूत्रें त्याच्याकडे आलीं. त्याच्यापूर्वीं येथील खोदकाम म्हणजे राजवाड्यासाठीं चाललेली शोभेच्या वस्तूंची लूट होती. चांगलीं दिसलेलीं चित्रें भिंतींवरून कापून नेलीं जात. फिओरेल्लीनें शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागांतील घरांच्या समूहांस क्रमांक दिले, आणि प्रत्येक दारास तिसरा क्रमांक दिला. या तीन आंकड्यांवरून शहरांतील कोणतेंही दार आज नकाशावर दाखवितां येतें. शहर नष्ट झाल्यावर अठराशें वर्षांनीं त्याच्या घरांस असे अंक मिळाले, ही गोष्ट मौजेची खरी. परंतु या अंकांमुळेंच तेथील दुकानदार, भटारी आणि पुढारी यांचे पत्ते जगाला कळले.

तिसरी तयारी व्यावहारिक आहे. नेपल्सहून व्हेसूव्हियसला वळसा घालणारी स्थानिक आगगाडी सुमारें पाऊण तासांत उत्खननाच्या दारापाशीं असलेल्या स्थानकावर पोंचविते. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाकाठीं २०,००० प्रवाशांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नांव घातलें जातें. म्हणून तिकीट अगोदर काढून ठेवणें श्रेयस्कर. भर उन्हाळा टाळावा, कारण छपरें गेलेल्या शहरांत सावली फार थोडी मिळते. वसंत आणि शरद हे ऋतु उत्तम. रस्त्यांचे दगड मोठमोठे, गुळगुळीत व उंचसखल आहेत. जोडे मजबूत तळाचे हवेत. सर्व घरें एकाच वेळीं उघडीं नसतात, हेंही ध्यानांत असूं द्यावें. नेपल्सचें पुराणवस्तुसंग्रहालय मंगळवारीं बंद असतें. त्या हिशेबानें दिवस आंखावे. शक्य असल्यास पाँपेईस दोन दिवस द्यावे. तें न जमेल तर एक पुरा दिवस द्यावा. परंतु सकाळीं रोम, दुपारीं पाँपेई आणि रात्रीं पुन्हां रोम असा बेत करूं नये.

आतां क्रमाविषयीं. बहुतेक प्रवासी आंत शिरतांच ‘तीं माणसें कोठें आहेत?’ असें विचारतात. राखेंत मेलेल्या माणसांच्या ठशांविषयींची ही उत्सुकता स्वाभाविक असली, तरी तिला आरंभीं वाव देऊं नये. या गांवांतील लोक कसे मेले हें पाहण्याचा अधिकार, ते कसे जगले हें पाहिल्यावरच येतो. म्हणून जिवंतांपासून आरंभ करावा, आणि मृतांचें दर्शन दिवसाच्या शेवटास ठेवावें.

जिवंतांची पहिली खूण रस्त्यांवर सांपडते. गाड्यांच्या चाकांनीं दगडांत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. रस्ता ओलांडण्यासाठीं मधोमध उंच दगडांच्या पायऱ्या ठेवल्या आहेत, आणि त्या दगडांमधील फट गाडीचें चाक नेमकें जाईल एवढी आहे. पावसाचें पाणी आणि घाण रस्त्यावरून वाहत असे. पादचाऱ्याचे पाय कोरडे राहावे आणि गाडीही अडूं नये, अशी ही सोय होती. चौकाचौकांत दगडी हौद आहेत. डोंगरांतून कालव्यानें आणलेलें पाणी शहराच्या उंच भागीं, व्हेसूव्हियस वेशीपाशीं असलेल्या वांटपघरांत येई. तेथून तें शिशाच्या नळांनीं चाळीसांहून अधिक सार्वजनिक हौदांना, स्नानगृहांना आणि श्रीमंतांच्या घरांना जाई. या हौदांचे कांठ नीट पाहावे. पाणी पिण्याकरितां वांकणाऱ्यांनीं जेथें हात टेकले, तेथें दगड झिजून खळगे पडले आहेत. कोणत्याही संगमरवरी पुतळ्यापेक्षां हा झिजलेला दगड पाँपेईच्या माणसाला अधिक जवळ आणतो. नळावर घागर टेकवून वाट पाहणारीं माणसें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला त्या खळग्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

त्यानंतर भाकरीचा शोध घ्यावा. पाँपेईंत तिसांहून अधिक भटारखाने सांपडले आहेत. काळ्या ज्वालामुखी दगडाचीं उभीं जातीं, शेजारीं विटांची भट्टी आणि पुढें दुकान, अशी त्यांची रचना असे. मोडेस्टसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भटारखान्याच्या भट्टींत ८१ पाव कोळसा होऊन राहिलेले मिळाले. पाव वाटोळे, आणि तोडावयास सोपे जावे म्हणून वरून आठ भागांत आंखलेले. भट्टींत घातलेले पाव काढावयास कोणी परत आलें नाहीं, एवढ्या एका गोष्टींत त्या दिवसाचा सारा इतिहास सामावला आहे.

परंतु भटारखान्यांची दुसरीही बाजू आहे. २०२३ सालीं नवव्या विभागांत असाच एक भटारखाना उघडकीस आला. त्याच्या खिडक्या अगदीं लहान आणि उंचावर असून त्यांस लोखंडी गज होते. बाहेर पडण्याची वाट मालकाच्या घरांतूनच होती. जातें ओढणाऱ्या गाढवांचीं पावलें ठराविक जागीं पडावीं म्हणून फरशींत अर्धवर्तुळाकार खोबणी कोरलेल्या होत्या. या अंधाऱ्या जागेंत जनावरांबरोबर गुलाम माणसेंही कोंडलेलीं असत, असें संशोधकांचें मत आहे. शेजारच्या दिवाणखान्यांतील रंगीत भिंती ज्या पावावर उभ्या होत्या, तो या गजांआड दळला जात होता. रोमन वैभवाचें कौतुक करावें. परंतु हा भटारखाना डोळ्यांसमोर ठेवून करावें.

पुढें भिंती वाचाव्या. नगराधिकाऱ्यांची निवडणूक दरवर्षीं होत असे, आणि अमक्यास निवडून द्यावें अशा तांबड्या-काळ्या रंगांतील अडीच हजारांहून अधिक घोषणा भिंतींवर आढळल्या आहेत. फळविक्ये, भटारी, सोनार असे धंदेवाले आपापला उमेदवार पुढें करीत. स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता. तरीही खाणावळींत काम करणाऱ्या बायकांच्या नांवानें केलेल्या शिफारशी त्यांत आहेत. शहराच्या पूर्व टोकास इ. स. पूर्व ७० च्या सुमारास बांधलेलें लंबवर्तुळाकार प्रेक्षागार आहे. त्यांत वीस हजार लोक बसूं शकत. इ. स. ५९ सालीं तेथें खेळ चालला असतांना पाँपेईकर आणि शेजारच्या न्यूकेरिया गांवाचे लोक यांच्यांत प्रथम शिवीगाळ, मग दगडफेक आणि अखेर शस्त्रांची मारामारी झाली. पुष्कळ माणसें मेलीं. रोमच्या सिनेटनें पाँपेईंत असे खेळ करण्यास दहा वर्षें मनाई केली, असें टॅसिटस सांगतो. दोन गांवांचें वैर खेळाच्या निमित्तानें उफाळून येणें ही आजचीच गोष्ट नव्हे.

इसिस देवीच्या लहानशा देवळासमोर थोडा वेळ थांबावें. ही देवी मिसर देशांतली. व्यापाराच्या वाटेनें ती इटलींत आली. भूकंपांत देऊळ पडलें, तें नुमेरियस पोपीडियस सेल्सिनस नांवाच्या गृहस्थानें स्वखर्चानें पायापासून बांधून दिलें आणि नगरसभेनें त्यास सभासदत्व दिलें, असा लेख दारावर होता. लेखांत या दात्याचें वयही दिलें आहे : तो अवघा सहा वर्षांचा होता! त्याचा बाप मुक्त झालेला गुलाम. कायद्यानें त्याला स्वतःला नगरसभेंत बसतां येत नव्हतें; म्हणून त्यानें पैसा आपला आणि नांव मुलाचें, असा मार्ग काढला. बापाच्या मनांतील अपमान आणि आशा या दोहोंचें इतकें बोलकें स्मारक क्वचित् सांपडेल. आणि तो मुलगा स्फोटाच्या वेळीं तेवीसएक वर्षांहून मोठा नसावा.

महाराष्ट्रांतील प्रवाशानें याच फेरींत अब्बोंदान्झा या मुख्य रस्त्यावरील एका घराचा शोध घ्यावा. तेथें १९३८ सालीं आमेदेओ मायूरी या संचालकास हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली. मूर्ति वीतभराहून थोडी मोठी, कटीवर मेखला, हातांपायांत भरगच्च अलंकार, दोहों बाजूंस लहान दासी. ती हिंदुस्थानांतून आलेली आहे हें पाहतांक्षणींच कळलें. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. ती यक्षी असावी असें आतां अनेकांचें मत आहे. अगदीं तिच्याच धर्तीची हस्तिदंती आकृति मराठवाड्यांत भोकरदन येथील उत्खननांत निघाली, आणि तिच्याशीं साम्य असलेली दुसरी तेर येथें मिळाली. त्यामुळें पाँपेईची मूर्तिही दक्षिणापथांतील कारागिराच्या हातची असावी, असा तर्क बळावला. तिच्या बैठकीखालीं खरोष्ठी लिपींतील खूण असल्यामुळें ती वायव्येकडून गेली असावी असेंही कांहीं म्हणतात. कोणत्याही वाटेनें गेली असो, सातवाहनांच्या काळीं तो व्यापार किती गजबजलेला होता, याची साक्ष त्याच शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शक ग्रंथांत मिळते. पैठण आणि तगर, म्हणजेच तेर, येथून माल गाड्यांवर लादून भडोच बंदरास नेला जाई, कल्याण व सोपारा हीं बंदरें त्या किनाऱ्यावर होतीं, आणि उलट दिशेनें येणाऱ्या मालांत इटलीची द्राक्षमदिरा विशेष पसंत केली जाई, असें तो लिहितो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडींत सांपडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ति याच देवघेवीची दुसरी बाजू दाखविते.

येथें थोरल्या प्लिनीची पुन्हां आठवण होते. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्याचे पांच कोटि सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार त्यानें आपल्या ग्रंथांत केली होती. ज्या मालाबद्दल त्याचा हा रोष, त्यांतलीच एक हस्तिदंती बाहुली पाँपेईच्या एका घरांत होती. तक्रार करणारा आणि ती बाहुली, दोघांवर एकाच डोंगराची राख पडली.

दिवस कलूं लागला म्हणजे आग्नेय भागांतील ‘पळणाऱ्यांच्या बागे’कडे वळावें. येथें तेरा माणसांचे ठसे आहेत. त्यांत मुलेंही आहेत. हे ठसे कसे झाले हें कळल्याशिवाय तेथें उभें राहूं नये. मृतदेहांवर राख बसून ती घट्ट झाली. देह कालांतरानें नष्ट झाले, पण राखेंत त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ सालीं फिओरेल्लीनें अशा पोकळींत पातळ प्लास्टर ओतलें, तें सुकूं दिलें आणि भोंवतालची राख काढून टाकली. माणसाच्या जागीं माणसाची अखेरची ठेवण उभी राहिली : वस्त्राच्या चुण्या, तोंडावर धरलेला हात, वर ओढून घेतलेले गुडघे. अकराशेंहून अधिक लोकांचे अवशेष आजवर मिळाले. त्यांपैकीं शंभराच्या वर ठसे घेतले गेले. हे पुतळे नव्हेत. प्लास्टरच्या आंत त्या माणसांचीं हाडें आहेत.

या ठशांभोंवतीं अनेक कथा रचल्या गेल्या. सोन्याच्या कंकणाच्या घरांत एक मोठी व्यक्ति आणि तिच्या अंगावर टेकलेलें मूल असा ठसा आहे. कंकण आहे म्हणजे स्त्री, आणि मूल आहे म्हणजे आई, असें कितीतरी वर्षें सांगितलें जाई. २०२४ सालीं हाडांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा प्रसिद्ध झाली, तेव्हां कळलें कीं, ती व्यक्ति पुरुष होती आणि त्या मुलाशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें. दुसऱ्या घरांतील ज्या दोघांस बहिणी किंवा मायलेकी समजत, त्यांतील एक तरी पुरुष निघाला. ज्यांना गोड कथा प्रिय आहेत त्यांचा येथें विरस होईल. परंतु विचार केला तर खरी गोष्ट कथेपेक्षां उणी नाहीं. अंधार झाला, घर हादरूं लागलें, आणि कोणा एका पुरुषानें परक्याचें मूल जवळ घेतलें. तो कोण होता हें सांगतां येत नाहीं. तो त्या क्षणीं त्या मुलाजवळ होता, एवढें मात्र खरें.

मृतांबरोबरच वांचलेल्यांचीही आठवण ठेवावी. पहिल्या कांहीं तासांत जे निघाले, त्यांतील पुष्कळजण निसटले असावेत. टायटस बादशहानें कँपानिया प्रांताच्या पुनर्वसनाकरितां अधिकारी नेमले आणि ज्यांस वारस उरला नव्हता अशा मृतांची मालमत्ता संकटग्रस्त गांवांच्या उभारणीस लावली, असें सुटोनियस या चरित्रकारानें नमूद केलें आहे.

दुसरा दिवस नेपल्सच्या संग्रहालयास द्यावा, आणि तो पाँपेईनंतरच द्यावा. चित्रें, भांडीं, दिवे, कोळसा झालेले पाव आणि ती हस्तिदंती यक्षी आज तेथें आहेत. फॉन-गृहाच्या फरशींतून १८३१ सालीं निघालेलें शिकंदर आणि दारियस यांच्या युद्धाचें चित्र तेथेंच पाहावयास मिळतें. दहा लाखांहून अधिक रंगीत खड्यांनीं तें घडविलेलें आहे. मूळ घर अगोदर पाहिलेलें असलें, म्हणजे हें चित्र कोणाच्या पायांखालीं होतें हें मनांत राहतें. सवड असल्यास हर्क्युलेनियमही पाहावें. तें गांव लहान, पण सुमारें वीस मीटर खोल गाडलें गेल्यामुळें त्याचे माडीचे मजले आणि लांकूडकामही टिकलें आहे.

पाँपेईवर आलेलें संकट ७९ सालींच संपलें, अशी समजूत घेऊन मात्र परत येऊं नये. राखेनें झांकलें तोंवर शहर सुरक्षित होतें. उघडें पडल्यापासून तें पुन्हां मरत आहे. ऊन, पाऊस, गवताचीं मुळें आणि माणसांची वर्दळ यांनीं रंग विटले, भिंती फुगल्या. १९४३ सालीं दोस्तांच्या विमानांतून पडलेल्या बाँबांनीं कित्येक इमारती पाडल्या. ६ नोव्हेंबर २०१० रोजीं योद्ध्यांच्या सभागृहाची इमारत पावसानंतर कोसळली, तेव्हां सारें जग खडबडून जागें झालें. मग १० कोटि ५० लक्ष यूरोंची जीर्णोद्धाराची योजना आंखण्यांत आली. व्हेटीबंधूंचें प्रसिद्ध घर दीर्घ दुरुस्तीनंतर २०२३ सालीं पुन्हां उघडलें, तें अशाच प्रयत्नांचें फळ होय. आठवण म्हणून फरशीचा एखादा खडा खिशांत टाकणारे प्रवासी अजूनही निघतात. त्यांतील कित्येकांनीं पुढें पश्चात्तापानें ते खडे टपालानें परत पाठविले आहेत. परंतु परत आलेला खडा कोणत्या फरशींतला, हें कोण सांगणार?

आणि डोंगर तर अद्याप जागाच आहे. व्हेसूव्हियसचा शेवटचा स्फोट १९४४ सालीं झाला. आज त्याच्या पायथ्याच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यांत सहा लाखांहून अधिक माणसें घरें करून राहतात, मुलें शाळेंत पाठवितात आणि सकाळीं पाव विकत आणतात. पाँपेईकरही असेच राहत होते. सुपीक जमीन, जवळचा समुद्र आणि वाडवडिलांचें घर सोडून जाणें कोणालाच सोपें नसतें. म्हणून त्यांच्या भोळेपणाला हंसणें योग्य नव्हे.

पाँपेईहून परतणाऱ्या प्रवाशानें बरोबर खडा आणूं नये, कथाही उगीच वाढवून आणूं नये. हौदाच्या कांठावरील तो झिजलेला खळगा लक्षांत ठेवून आणावा. त्यांत हात टेकून पाणी पिणाऱ्यांस दुसऱ्या दिवशींही तेथेंच यावयाचें होतें.